बेळगावात बसून लष्करी विमानांचा रेडिओ ऐकायचा तर: कुठला ऐकायचा, कसा, आणि कुठला अजिबात नाही

आमच्या बेळगावात आकाशात काय ना काय चालूच असतंय. सांबऱ्याचं विमानतळ, तिथंच हवाई दलाचं एअरमेन ट्रेनिंग स्कूल, घाट उतरून गोव्यात गेलं की दाबोळीला नौदलाचं आयएनएस हंसा, त्यामुळं यूट्यूबवर अमेरिकेतला कोणतरी गडी हातात स्कॅनर धरून फायटर पायलटचं बोलणं ऐकताना दिसला की इथल्या पोरांच्या डोक्यात पहिलं हेच येतंय की आपण पण एक मागवूया आणि गच्चीवर लावूया. तर आधी सांगतो, ते करायचं नाही. पण छंद सोडायचा पण नाही, कारण फोन, बरा हेडफोन आणि नेट एवढ्यावर लष्करी विमानांचा रेडिओ ऐकता येतोय, फक्त आपल्या डोक्यावरच्या विमानांचा नव्हे, ज्या देशात ऐकायला मुभा आहे तिथला.

कायद्याचं आधी उरकून घेऊया, नाहीतर खाली परत परत तेच सांगायला लागेल. आपल्याकडं १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा हे जुने, आणि आता २०२३ चा टेलिकम्युनिकेशन कायदा. त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, परवानगीशिवाय रेडिओ उपकरण बाळगणं ही एक आणि दुसऱ्याचा संदेश बेकायदा मधेच पकडणं ही दुसरी, आणि या दुसऱ्या गोष्टीला तीन वर्षांपर्यंत कैद नाहीतर दोन कोटींपर्यंत दंड नाहीतर दोन्ही अशी शिक्षा आहे. समोरचा सैन्यातला असला तर १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स कायदा आहेच. "मी फक्त ऐकतोय, बोलत कुठं आहे" हे आपल्याला पटतंय, पोलीस स्टेशनात पटत नाही. त्यातनं हा सीमाभाग, सगळीकडं आधीच दोन्ही राज्यांची खाती डोळ्यात तेल घालून बसलेली, राजहंसगडावर अँटेना उभी करून बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न "कोणत्या गावचा" हा आणि दुसरा "हे काय" हाच येणार. वॉकीटॉकी स्वस्तात ऑनलाइन मिळतोय म्हणून घेऊ नका, २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं विनापरवाना वॉकीटॉकी ऑनलाइन विकण्यावर नियमच काढलेत. एफएम, मीडियमवेव्ह, शॉर्टवेव्हचा साधा रेडिओ मात्र बिनधास्त ठेवा, त्याला पूर्वी पोस्टात लायसन्स काढायला लागायचं, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, ते ऐंशीच्या दशकातच बंद झालं.

अमेरिकेत मग कसं चालतंय? तिथं कायद्यातच लिहिलंय की विमान आणि जहाजांच्या रेडिओ यंत्रणेवरचं उघडं बोलणं ऐकायला हरकत नाही. विमानतळाच्या टॉवरची लष्करी फ्रिक्वेन्सी सुद्धा तिथलं विमान वाहतूक खातं, एफएए, स्वतः छापतं, चोरून शोधायचं कामच नाही. ब्रिटनमध्ये उलट, २००६ च्या त्यांच्या वायरलेस कायद्याप्रमाणं आपल्यासाठी नसलेलं ऐकणं हा गुन्हाच आहे, तरी तिथल्या एअर शोला हजारो लोक कानात स्कॅनर घालून बसतात आणि कोण काय म्हणत नाही. तो त्यांचा प्रश्न, आपण ब्रिटनचं बघून आपल्याकडं तसं करायला जायचं नाही.

आता कामाचं. लष्करी विमानं ढोबळमानानं दोन जागी बोलतात. एक यूएचएफ, २२५ ते ४०० मेगाहर्ट्झ, आणि मोड, म्हणजे आवाज लाटेवर चढवायची पद्धत, एएम. बऱ्याच जणांना हे खरं वाटत नाही की एवढी महागडी विमानं आणि मोड मात्र जुन्या रेडिओतला एएम, पण त्याला कारण आहे. एफएममध्ये दोघं एकदम बोलले तर जोरवाला ऐकू येतो आणि बारका गायबच होतो, एएममध्ये दोघांचे सिग्नल एकमेकांवर चढून शिट्टी वाजते, म्हणजे कंट्रोलरला निदान कळतं तरी की अजून कोणतरी बोलतोय. संकटातला पायलट बारीक आवाजात ओरडत असेल तर ते कळणं गरजेचं. नागरी विमानांचं बोलणं पण एएमवरच असतंय, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर.

यूएचएफ सरळ रेषेत जातं, पृथ्वीची गोलाई आडवी आली की संपलं. हिशोब सोपा आहे, विमानाच्या उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढायचं आणि त्याला ४.१२ नं गुणायचं, उत्तर किलोमीटरमध्ये येतंय. दहा हजार मीटरवर विमान असेल तर शंभर गुणिले ४.१२ म्हणजे ४१२ किलोमीटर, एक हजार मीटरवर असेल तर जेमतेम १३०. तुमची अँटेना दहा मीटरवर असेल तर त्यात अजून १३ मिळवा. म्हणजे यूएचएफ ऐकायला त्या विमानापासून तीन-चारशे किलोमीटरच्या आत कोणाची तरी अँटेना पाहिजेच, इथनं अमेरिकेचं यूएचएफ ऐकायचा प्रश्नच येत नाही. शिवाय लढाईतलं खरं बोलणं हॅव क्विकसारख्या पद्धतीनं फ्रिक्वेन्सी सारखी उड्या मारत जातं नाहीतर सरळ एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, असतंय, तिथल्या स्कॅनरवाल्यांना पण फक्त खरखर. यूट्यूबच्या व्हिडिओत दिसतो तो युनिडेनचा बीसी१२५एटी २२५ ते ३८० पर्यंत ऐकतो, चांगलाच आहे, पण त्यावर ऐकू येतं ते टॉवरचं, हवेत इंधन भरायचं आणि सरावाचं, पिक्चरमधलं काही नाही.

दुसरी जागा म्हणजे एचएफ, ३ ते ३० मेगाहर्ट्झ, आणि आपला सगळा डाव इथंच आहे. हे वर आयनोस्फियरला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थराला, आपटून परत खाली येतंय, हजारो किलोमीटर जातंय, म्हणून समुद्रावरनं उडणारं बॉम्बर, टँकर, माल नेणारं विमान असल्यांना तेच लागतं. मोड यूएसबी, म्हणजे अप्पर साइडबँड. पेनड्राइव्हवाला यूएसबी नव्हे, हे आमच्यातल्या एकाला आठवडाभर समजावायला लागलं.

ऐकायची जागा म्हणजे वेबएसडीआर. कोणीतरी आपल्याकडं रिसीव्हर आणि अँटेना लावून नेटला जोडलेला असतो, आपण ब्राउझरमधनं तो फिरवायचा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा सगळ्यात नावाजलेला, २००८ पासूनचा, ० ते २९ मेगाहर्ट्झ सगळं एका पानावर, शेकडो लोक एकाच वेळी ऐकत असतात आणि प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी वेगळी. दुसरा प्रकार किवीएसडीआर, हे जगभर विखुरलेले आहेत, नकाशावर टिंबं दिसतात, टिंबावर टॅप करायचं आणि आत जायचं, पण एका किवीवर चार-आठ जणच मावतात आणि काही मालक वेळेची मर्यादा घालतात. जागा नाही म्हणाला तर दुसरं टिंब धरायचं. लोकांच्या घरातलं असतंय ते, चकट फू, तेव्हा ऐकून झालं की टॅब बंद करत जा, तसाच उघडा टाकून जेवायला जाऊ नका.

पान उघडलं की आवाज येत नाही म्हणून घाबरू नका, ब्राउझर आपणहून आवाज चालू करू देत नाही, स्टार्ट ऑडिओचं बटण दाबायला लागतंय. मग फ्रिक्वेन्सीच्या खान्यात किलोहर्ट्झमध्ये आकडा टाकायचा, १११७५, आणि खाली यूएसबी निवडायचं. वर निळं-पिवळं खाली सरकत असतंय तो वॉटरफॉल, आडवी फ्रिक्वेन्सी आणि उभा वेळ, कोण बोललं की तिथं पिवळी पट्टी उमटते. यूएसबीत माणूस गप्प असला की काहीच उमटत नाही, त्यामुळं रिकामं दिसलं तरी तिथंच थांबायचं. आकडा शंभर-दोनशे हर्ट्झ इकडं तिकडं झाला तर आवाज बदकासारखा येतोय, तेव्हा आकडा परत नीट टाईप करा. मोबाइल डेटावर असाल तर वॉटरफॉल हळू करा नाहीतर बंदच करा, आवाजाला डेटा कमी लागतोय, चित्रच जास्त खातं.

१११७५ का? अमेरिकेच्या हवाई दलाचं एचएफ-जीसीएस म्हणून जाळं आहे, हाय फ्रिक्वेन्सी ग्लोबल कम्युनिकेशन्स सिस्टिम. ग्वाम, जपानमधलं योकोटा, हवाई, अलास्का, इंग्लंडमधलं क्रॉटन, इटलीतलं सिगोनेला, अझोर्स, असेन्शन, आणि आपल्या बाजूला हिंदी महासागरात दिएगो गार्सिया, अशी त्याची स्टेशनं. बेळगावपासून खाली दक्षिणेला अडीच हजार किलोमीटरवर ते बेट आहे. या सगळ्यांच्या फ्रिक्वेन्स्या एकच, ४७२४, ६७३९, ८९९२, १११७५, १३२०० आणि १५०१६ किलोहर्ट्झ, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ८९९२ आणि १११७५ या मुख्य. रिसीव्हर जिथं आहे तिथं दिवस असेल तर वरच्या फ्रिक्वेन्स्या चालतात, रात्र असेल तर खालच्या. इथं घोटाळा हा होतो की लोक आपल्याकडचं घड्याळ बघतात. रेडिओवाले सगळे यूटीसीत, म्हणजे जगाच्या एकाच प्रमाण वेळेत, बोलतात, आपल्या वेळेतनं साडेपाच तास वजा करायचे. सकाळी सात वाजता चहा घेत ट्वेंटे लावलंत तर तिथं दीड वाजलेत रात्रीचे यूटीसीनं, म्हणजे ८९९२, ६७३९ धरा. दुपारी तीनला लावलंत तर तिथं सकाळ उजाडून गेलेली, तेव्हा १११७५ नाहीतर १३२००.

आता ऐकू काय येणार ते सांगतो, कारण पहिल्या दिवशी अर्धा तास खरखर ऐकून बरेच जण सोडून देतात. सगळ्यात हमखास म्हणजे ईएएम, इमर्जन्सी ॲक्शन मेसेज, त्यांच्या सैन्याला जाणारा सांकेतिक हुकूम. नाव भयंकर आहे पण हे दिवसाला कितीतरी येतात, घाबरून कोणाला फोन करू नका. गपगार चॅनेलवर एकदम आवाज येतो, "ऑल स्टेशन्स, ऑल स्टेशन्स", मग सहा अक्षरं एकेक करून, समजा "किलो थ्री नोव्हेंबर झुलू सेव्हन पापा" असं काहीतरी, हीच सहा तीनदा म्हणतात, मग "स्टँड बाय", थोडं थांबून "मेसेज फॉलोज" आणि परत त्याच सहापासनं सुरू करून सगळा मजकूर सपाट आवाजात, कुठं घाई नाही, कुठं चढउतार नाही. मग "आय से अगेन" म्हणून सगळं परत पहिल्यापासनं, आणि शेवटी कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, सांगून "आउट". साधारण तीस अक्षरांचा असतो, तीसपेक्षा वेगळा असेल तर किती अक्षरांचा ते आधी सांगतात. अर्थ लावायच्या भानगडीत पडू नका, तो सांकेतिक आहे आणि कोणा छंदवाल्याला आजवर कळलेला नाही, जो कळलाय म्हणतो तो फेकतोय.

मजा ही लिहून घेण्यात आहे. यात इंग्रजी अक्षरं येतात आणि अंक फक्त २ ते ७, म्हणजे ०, १, ८, ९ कधीच नाही. तुमच्या वहीत "आठ" उमटला असेल तर तुम्ही चुकीचं ऐकलंय, परत पाठ सुरू झाला की तिथं कान द्या. त्यासाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा हे सगळं झुलूपर्यंत तोंडपाठ पाहिजे, पाढ्यांसारखं नव्हे तर उलट, म्हणजे शब्द कानावर पडला की हातानं अक्षर लिहिलं गेलं पाहिजे, विचार करायला गेलात की पुढची तीन निसटतात. रिक्षात, बसमध्ये पुढच्या गाडीची नंबरप्लेट मनात वाचत जा. केए बावीस म्हणजे किलो अल्फा टू टू. पंधरा दिवसात जमतंय. अमेरिकन उच्चार पहिल्यांदा जड जातात, ट्वेंटेच्या पानावर रेकॉर्ड करायचं बटण आहे, ते दाबून ठेवा आणि नंतर सावकाश दोनदा ऐका.

दुसरा प्रकार "स्कायकिंग, स्कायकिंग, डू नॉट आन्सर" असा सुरू होतो, तो एकदम छोटा, एक सांकेतिक शब्द, वेळ आणि ऑथेंटिकेशनची, म्हणजे संदेश खरा असल्याच्या खुणेची, दोन अक्षरं, ईएएम चालू असेल तर तो मधेच तोडून हा म्हणतात, त्यामुळं ज्या दिवशी हा मिळाला त्या दिवशी वहीत लाल पेनानं. तिसरा मला सगळ्यात आवडतो तो म्हणजे खरं विमान बोलतं तो. "मेनसेल, मेनसेल, धिस इज रीच" आणि पुढं आकडे. मेनसेल म्हणजे जे स्टेशन ऐकत असेल त्यानं उत्तर द्या, आणि रीच हे त्यांच्या माल वाहणाऱ्या विमानांचं कॉलसाइन. मग रेडिओ चेक होतो, नाहीतर फोन पॅच मागतात, म्हणजे विमानातनं रेडिओवर आणि रेडिओवरनं जमिनीवरच्या टेलिफोनला जोडून देतात, आणि पलीकडचा माणूस सांगतो की अमुक ठिकाणी पोचल्यावर हवामान कसं असेल किंवा विमानाचा कुठला पार्ट बिघडलाय त्याचं काय करायचं. अटलांटिकवरनं जाणारा पायलट आणि तिकडं टेबलावर बसलेला कोणतरी, दोघंही आपल्या एसटी कंट्रोलरसारखे कंटाळलेले. युद्धबिद्ध काही नाही, नोकरी आहे ती.

याच्या आजूबाजूला बराच कचरा पण ऐकू येईल. सारखी टिवटिव एका लयीत चालू आहे ती एएलई, मशीन मशीनला विचारतंय की ऐकू येतोय का. घरघर सतत, कुठं श्वास नाही, तो डेटा मोडेम. आणि वॉटरफॉलवर रुंद पट्टाच्या पट्टा चढला आणि सगळं खाल्लं तर ते क्षितिजापलीकडचं रडार, रशियाचं, चीनचं, ब्रिटिशांचं सायप्रसमधलं, बरेच आहेत. सोव्हिएत काळातलं दुगा रडार १९७६ ते १९८९ असंच टकटक करत शॉर्टवेव्हवर बसलं होतं, सुतारपक्षी म्हणायचे त्याला. कंटाळा आला तर ४६२५ वर जा, रशियाचा बझर, मिनिटाला पंचवीसेक वेळा भोंगा वाजतोय आणि कधीतरी मधेच माणूस रशियनमध्ये नावं आणि आकडे वाचतो.

सोबत दुसऱ्या टॅबमध्ये नकाशा लावा. एडीएस-बी म्हणजे विमान आपली जागा आपणच रेडिओवर सांगत जातं ती यंत्रणा, एडीएस-बी एक्सचेंज किंवा तसल्या साइटवर लष्करी विमानं न लपवता दाखवतात, बाजूला यू अक्षराचं बटण आहे ते दाबलं की फक्त लष्करीच उरतात. अटलांटिकवर सी-१७ हे माल नेणारं विमान दिसतंय आणि त्याच वेळी कानात रीच बोलतोय, आकडा जुळला तर वाह. पण जुळेलच असं नाही, समुद्राच्या मधोमध नकाशावर विमान गायब होतंय कारण खाली एडीएस-बी घेणारा रिसीव्हर नाही, आणि त्याच तेवढ्या पट्ट्यात त्याला एचएफवर बोलायला लागतंय. नकाशा जिथं संपतो तिथं रेडिओ सुरू होतो असं समजा.

एक गोष्ट मात्र कडक. नकाशावर आपल्या हवाई दलाचं, नौदलाचं विमान दिसलं तर स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकायचा नाही. एप्रिल २०२५ मध्ये माहिती आणि प्रसारण खात्यानं टीव्हीवाल्यांना सुद्धा सैन्याच्या हालचाली लाइव्ह दाखवू नका म्हणून बजावलं होतं, त्या दिवसात आमच्या गल्लीतले दोघं "वरनं काय गेलं बघा" म्हणून व्हिडिओ टाकत होते, त्यांना त्यांच्याच काकांनी झापलं, कॅम्पातनं मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केलेले गृहस्थ. आपल्या विमानांचा शौक असेल तर डोळ्यांनी बघा की, दोन वर्षातनं एकदा येलहंक्याला एअरो इंडिया असतं, हवाई दलाचे कसरतीवाले सूर्यकिरण तर आपल्याच राज्यातल्या बिदरचे.

वही कशी ठेवायची? तारीख, वेळ यूटीसीत, फ्रिक्वेन्सी, कोणत्या रिसीव्हरवरनं ऐकलं, कॉलसाइन, पहिली सहा अक्षरं, आवाज किती स्वच्छ. रिसीव्हरचं नाव लोक लिहायचं विसरतात आणि मग दिएगो गार्सिया बेळगावात ऐकू आलं म्हणून सांगत फिरतात, ऐकू आलेलं असतंय जपानमधल्या किवीवर.

हे सगळं करून हात शिवशिवायला लागले, स्वतःची अँटेना पाहिजे वाटलं, तर हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स काढा. बारा वर्षांवरच्या कोणालाही देता येतं, रेस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही, रेडिओची थिअरी आणि नियम यावर परीक्षा असते, अर्ज सरल संचार पोर्टलवर. कॉलसाइन व्हीयू२ नाहीतर व्हीयू३ नं सुरू होणारं मिळतं, आणि मग रेडिओ, अँटेना, बोलणं सगळं उजळ माथ्यानं. लष्करी विमानांचं यात काही नाही हे खरं, पण डोक्यावरनं चारशे किलोमीटर उंचीवर जाणारं अंतराळ स्थानक १४५.८०० मेगाहर्ट्झवर ऐकायला मिळतं, दहा मिनिटात इकडनं तिकडं जातंय, कधी त्यावरनं चित्रं पाठवतात, आणि ही बघा अस्सल उडती वस्तू.

तोपर्यंत सराव म्हणून साधा शॉर्टवेव्ह रेडिओ घ्या आणि परदेशी ब्रॉडकास्ट स्टेशनं धरा, पट्टे कसे दिवसरात्र बदलतात ते त्यावर जास्त चांगलं कळतं. रिवाइंडिंगवाल्याकडनं दहा-पंधरा मीटर तांब्याची वायर आणा, उद्यमबागेत जाऊन मागितली तर वजनावर देतात, एक टोक रेडिओच्या अँटेनाला आणि दुसरं गच्चीवर, विजेच्या तारांपासनं लांब. टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये बसाल तर एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर, टीव्हीचा बॉक्स यांचीच घरघर ऐकू येईल. करंट गेला की लगेच रेडिओ लावा, सगळी गल्ली अंधारात असताना बँड इतका स्वच्छ होतो की लाइट येऊच नये वाटतं. आणि वळवाचे दिवस आले, एप्रिल-मेमध्ये खानापूरकडनं ढग चढायला लागले की वायर रेडिओतनं काढून खिडकीबाहेर टाकायची, स्टेशन कितीही चांगलं लागलेलं असू दे.